वजन कमी करणारा डबा लावावा का?

मार्च 2025 मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन कमी करणारी इंजेक्शने भारतात विक्रीला आली आणि वजनाची चर्चा दवाखान्यातून थेट ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंत पोहोचली. इंजेक्शन नको, त्याचा खर्च झेपत नाही, पण वजन तर उतरवायचे आहे, अशा मंडळींसमोर जाहिराती दुसरा पर्याय ठेवतात, तो म्हणजे मोजून-मापून शिजवलेले जेवण रोज दारात आणून देणारा महिन्याचा डाएट डबा. पुण्या-मुंबईत असे डबे देणारे आता गल्लोगल्ली आहेत. डबा लावायचे ठरवलेले लोक साधारणपणे यातला कोणता चांगला एवढेच विचारतात. त्याआधीचा प्रश्न म्हणजे डबा लावावाच का, आणि त्याचे उत्तर द्यायचे तर अशा योजनांतून वजन कसे उतरते आणि पुढे त्याचे काय होते, हे आधी समजून घ्यावे लागते.

पैसे नेमके कशाचे मोजतो?

बाजारात असलेल्या योजना ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात शिजवलेले जेवण येते, दुसऱ्यात जेवणाऐवजी घ्यायची पावडर किंवा शेक असतो आणि तिसऱ्यात अन्न तुमचेच, पण काय खाल्ले याची नोंद ठेवणारे ॲप आणि फोनवर बोलणारा सल्लागार मिळतो. हा धंदा नवा नाही. अमेरिकेत वेट वॉचर्स 1963 मध्ये सुरू झाले, ऑस्ट्रेलियात जेनी क्रेग 1983 मध्ये. जेनी क्रेगने मे 2023 मध्ये अमेरिकेतली आपली सगळी केंद्रे बंद केली आणि वेट वॉचर्सने मे 2025 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. नव्या औषधांनी या कंपन्यांचे कंबरडे मोडले, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

डब्यातली दुधीची भाजी तुमच्या घरीही होते, मग पैसे कशाचे? माझ्या मते ते निर्णय न घेण्याचे पैसे आहेत. काय करायचे, किती वाढून घ्यायचे, तेल किती घालायचे, दुसरी पोळी घ्यायची का, हे दिवसभरातले बारीकसारीक निर्णय दुसऱ्या कोणीतरी घेतलेले असतात. डबा संपला की जेवण संपले. पुन्हा वाढून घ्यायला समोर पातेले नसते. या योजनांमुळे सुरुवातीला वजन उतरते त्याचे कारण हेच आहे आणि त्या बंद झाल्यावर गाडी घसरते त्याचेही कारण हेच आहे. दहावीच्या वर्षी फक्त अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून पास झालेल्या मुलाला अकरावीत जी अडचण येते, तीच डबा बंद केलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात येते. उत्तरे होती, पण ती कशी काढायची हे कोणी शिकवलेच नव्हते.

उष्मांकांचा साधा हिशेब

अन्नातून मिळणारी ऊर्जा ज्या एककात मोजतात त्याला उष्मांक म्हणतात आणि बोलीत आपण कॅलरी म्हणतो. शरीर जितके उष्मांक खर्च करते त्यापेक्षा कमी आत गेले, तर उरलेली गरज साठवलेल्या चरबीतून भागवली जाते. एक किलो चरबीत साधारण 7,700 उष्मांक असतात असे धरतात.

आता जाहिरातीतला दावा तपासून पाहू. रोज 2,000 उष्मांक लागणाऱ्या व्यक्तीने 1,400 वर भागवले, तर रोजची तूट 600 आणि महिन्याची 18,000 होते. भागाकार केला तर सव्वादोन ते अडीच किलोंच्या दरम्यान उत्तर येते. "तीन महिन्यांत दहा किलो" साधायचे, तर त्याच व्यक्तीला नव्वद दिवस रोज साडेआठशेपेक्षा जास्त उष्मांकांची तूट सोसावी लागेल, म्हणजे दिवसभराचे सगळे जेवण साडेअकराशेत बसवावे लागेल. कागदावर हे शक्य आहे. नोकरी, प्रवास आणि घरातले सण सांभाळून ते कितपत शक्य आहे, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. शिवाय वजन उतरते तशी शरीराची रोजची गरजही कमी होते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तेवढ्याच जेवणात घट मंदावते.

"पण माझे तर पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले!" हे खरेच असते, मात्र त्यात चरबी थोडीच असते. आपले यकृत आणि स्नायू मिळून चारशे-पाचशे ग्रॅम साखर एका विशिष्ट रूपात साठवून ठेवतात, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात. प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. पोळी-भात अचानक कमी केला की हा साठा रिकामा होतो आणि त्याबरोबर पाणीही निघून जाते. काटा खाली येतो, उत्साह वाढतो, आणि नेमक्या त्याच वेळी तीन महिन्यांच्या पॅकेजवर सवलत देणारा फोन येतो. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

एक डबा उघडून पाहू

दुपारच्या एका नमुनेदार डब्यात दोन फुलके, वाटीभर मुगाची उसळ, दुधीची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि ताक असते, असे धरू. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर 380 कॅलरी असे लिहिलेले असते. तूप न लावलेल्या मध्यम फुलक्याचे सुमारे 80 उष्मांक, म्हणजे दोघांचे 160. उसळीचे 130, चमचाभर तेलातल्या भाजीचे 80, कोशिंबीर आणि पातळ ताक मिळून साठ-सत्तर. बेरीज सव्वाचारशेच्या आसपास जाते. चिठ्ठी खोटी आहे असे यातून म्हणता येत नाही, कारण फोडणीत एक चहाचा चमचा तेल जास्त पडले, तरी तेवढ्याने 45 उष्मांक वाढतात. भाजी हाताने वाढली जाते, त्यामुळे चिठ्ठीवरचा आकडा अंदाज म्हणूनच वाचावा. दोन चिठ्ठ्यांतल्या वीस-तीस कॅलरींच्या फरकावरून डबा निवडण्यात काही अर्थ नाही.

त्यापेक्षा प्रथिनांकडे बघावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सुमारे 58 ग्रॅम. वरच्या डब्यात फुलक्यांतून पाच-सहा, उसळीतून सात-आठ आणि बाकीच्यातून तीन-चार, अशी मिळून जेमतेम सतरा ग्रॅम भरतात. असे दोन डबे खाल्ले तरी चौतीसच झाले. नाश्त्याला अंडी, पनीर किंवा डाळीचे धिरडे असले तर कमतरता बरीचशी भरून निघते, पण चहा आणि दोन खाकऱ्यांवर ती भरून निघत नाही. कमी खाण्याच्या काळात प्रथिने तोकडी पडली, तर चरबीबरोबर स्नायूही जास्त झिजतात, म्हणून वजन उतरवताना शिफारशीपेक्षा थोडी जास्तच प्रथिने घ्यावीत असे अनेक तज्ज्ञ सांगतात. डबा देणाऱ्याला "कॅलरी किती?" असे सगळेच विचारतात. "दिवसभरात प्रथिने किती ग्रॅम?" असे विचारून पाहावे. उत्तर तयार नसेल, तर त्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञाचा वावर किती आहे ते लगेच कळते.

उतरलेले वजन परत का चढते?

इथे बहुतेक लोक स्वतःलाच दोष देतात, आणि तो बऱ्याच अंशी अनाठायी असतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पन्नास जणांना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार दिला होता. वजन उतरल्यावर भूक वाढवणारी आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरके मोजली, तेव्हा त्यातली बहुतेक पुन्हा खायला लावण्याच्या दिशेने झुकलेली आढळली, आणि वर्ष उलटले तरी ती पूर्ववत झाली नव्हती. शरीराच्या दृष्टीने वजन घटणे म्हणजे दुष्काळ असतो आणि दुष्काळ संपताच कोठार भरून ठेवणे हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या जमलेले काम आहे.

म्हणजे डबा बंद होतो तेव्हा माणूस जुन्या जागी परतत नाही. त्याची भूक आधीपेक्षा जास्त असते, शरीराची गरज आधीपेक्षा कमी असते आणि समोर घरचे पातेले असते. योजना निवडताना सर्वांत आधी विचारायला हवे ते याच काळाबद्दल. डबा थांबल्यावर पुढचे दोन-तीन महिने तुम्ही काय करता? आठवड्यातून एकदा घरचे जेवण मोजायला शिकवता का? डबा दोनावरून एकावर आणि मग आठवड्यातून तीन दिवसांवर आणता येतो का? या प्रश्नांवर "मग तुम्ही पुन्हा पॅकेज घ्या" असे उत्तर आले, तर त्यांचा धंदा कशावर चालतो याचा उलगडा होतो.

मग हे सगळे थोतांडच आहे का?

नाही. 2015 मध्ये व्यावसायिक योजनांवरच्या अभ्यासांचा एक काटेकोर आढावा प्रसिद्ध झाला होता. नुसता सल्ला किंवा माहितीपत्रके मिळालेल्यांच्या तुलनेत एका वर्षानंतर वेट वॉचर्समधल्या लोकांचे वजन किमान 2.6 टक्के आणि जेनी क्रेगमधल्यांचे किमान 4.9 टक्के जास्त उतरले होते. ऐंशी किलोच्या माणसाच्या हिशेबात हे साधारण दोन ते चार किलो होतात. जाहिरातीतल्या आधी-नंतरच्या फोटोंपुढे हा आकडा मिळमिळीत वाटेल, पण तो सर्वसामान्य माणसाचा आकडा आहे, आणि फोटो निवडक माणसांचे असतात.

शेक आणि पावडरींच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ब्रिटनमधून येतो. स्कॉटलंड आणि टाइनसाइड भागातल्या टाइप 2 मधुमेहाच्या 306 रुग्णांवर झालेल्या 'डायरेक्ट' या चाचणीत निम्म्या जणांना तीन ते पाच महिने रोज सुमारे 825 ते 853 उष्मांकांचे शेक आणि सूप यांवर ठेवले आणि नंतर हळूहळू साध्या अन्नावर आणले. वर्षअखेर त्यांचे वजन सरासरी दहा किलोंनी घटले होते आणि 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण 4 टक्के होते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी 46 चे 36 टक्के झाले आणि दहा किलोंची घट साडेसातच्या आसपास आली. यश मोठेच होते, पण ते हळूहळू निसटतही होते.

ही चाचणी आपल्याकडचे पावडर-विक्रेते मोठ्या हौसेने दाखवतात. तिच्यात मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पहिल्याच दिवशी थांबवली होती, अन्नावर परत आणण्याचा टप्पा आठवड्यांच्या हिशेबाने आखलेला होता आणि दोन वर्षे नियमित भेटी होत्या. शेजारच्या सोसायटीतल्या, असे शेक विकणाऱ्या न्यूट्रिशन क्लबमध्ये पावडर कदाचित तशीच असेल, बाकीचे काहीच तसे नसते.

वजन कमी करायची गरज आहे का, हेच आधी ठरवू

उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा म्हणजे बीएमआय. किलोतले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की तो निघतो. युरोपात 25 च्या पुढे वजन जास्त मानतात, तर भारतीयांसाठी ही रेघ 23 वर ओढलेली आहे. यामागे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. 2004 मध्ये त्यांनी आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांत चरबी कशी लपून बसते, हे त्या एका फोटोने जगाला दाखवले.

डब्याच्या निर्णयाशी याचा थेट संबंध आहे. काट्यापेक्षा शिवणकामाची टेप अधिक कामाची आहे. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची 80 च्या पुढे असेल, तर वजन फारसे नसतानाही काळजी घ्यायला हवी. आणि बीएमआय 22, कंबर मापात, रक्तातली साखर ठीक, अशा मुलीला लग्नाआधी पाच किलो उतरवायचे पॅकेज विकले जात असेल, तर ते घेऊ नये असे मी स्पष्टच सांगेन.

"हे घरीच का करू नये?"

आक्षेप रास्त आहे, आणि अनेकांसाठी त्याचे उत्तर "घरीच करावे" हेच आहे. नुसत्या तेलाचे पाहा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल आणि तो खर्च तीन लिटरवर आणला, तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे पंधरा ग्रॅम तेल कमी जाते, म्हणजे जवळपास 140 उष्मांक. पैसे मोजावे लागत नाहीत, उलट वाचतात, आणि फायदा चौघांना होतो.

अडचण हिशेबाची नसते, घरातल्या माणसांची असते. स्वयंपाक करणारी व्यक्ती एक, खाणारी तोंडे चार आणि प्रत्येकाची आवड वेगळी. सासूबाईंना बिनफोडणीचे वरण चालत नाही, मुलांना भाजीवर चीज हवे असते. त्यात वजन उतरवायचे असते बहुधा स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच, जी उरलेले टाकवत नाही म्हणून भांड्यातला शेवटचा घासही खाते. तिच्यासाठी बाहेरून येणारा डबा म्हणजे काही काळ त्या ओढाताणीतून सुटका असू शकते. पण तोच डबा घरात तिला एकटीला वेगळेही पाडतो, आणि गणपतीत सगळ्यांसमोर मोदकांचे ताट असताना आपले फुलके उघडून बसणे किती जणींना जमते? उपवासाची आणखी एक मेख आहे. संकष्टी-एकादशीला अनेक जण डबा बंद ठेवतात आणि साबुदाण्याची खिचडी खातात. दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा यांच्यासह तिची एक भरलेली बशी सहज पाचशे उष्मांकांच्या पुढे जाते आणि प्रथिने त्या मानाने थोडीच देते. उपवासाच्या दिवसांचे काय, हे डबेवाल्याला आधीच विचारलेले बरे.

पैसे आणि अटी

समजा दोन वेळच्या डब्याचे रोजचे 500 रुपये आहेत. महिन्यात सव्वीस दिवस धरले तर 13,000 होतात. यातून घरचा शिधा जेवढा वाचेल तेवढाच वजा करायचा, आणि चौघांच्या घरात एकाचे जेवण कमी झाले म्हणून किराणा फारसा घटत नाही. उलट रोज बाहेरून जेवण मागवणाऱ्या एकट्या माणसाचा हाच खर्च बहुतांशी फिटतो. एकाच योजनेचा भाव दोन घरांत असा वेगळा पडतो.

तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरण्याआधी एक आठवड्याचा डबा घेऊन पाहावा, म्हणजे चव, वेळ आणि भूक या तिन्हींचा अंदाज येतो. खाद्यव्यवसायाला लागणारा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक पाकिटावर किंवा बिलावर पाहून घ्यावा. सुट्टीचे दिवस पुढे ढकलता येतात का आणि मध्येच बंद केले तर पैसे कसे परत मिळतात, हे लेखी मागावे. यूपीआयवर ऑटोपे चालू केले असेल, तर ते आपल्याच ॲपमधून रद्द करता येते. सहज सुरू होणारी पण बंद करायला जिवावर येणारी वर्गणी ही ग्राहकांची दिशाभूल ठरते, असे केंद्र सरकारच्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, आणि तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

कोणी परस्पर सुरू करू नये

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न सांगता जेवण निम्म्यावर आणले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना जास्त प्रथिनांचा आहार बाधू शकतो. झपाट्याने वजन उतरल्याने पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले आणि पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेल्या व्यक्ती यांच्यासाठी तयार पॅकेज नाहीच. साठीच्या पुढच्यांनी स्नायू टिकवण्याचा विचार आधी करावा.

"त्यापेक्षा इंजेक्शन परवडले"

या औषधांचा परिणाम डब्यापेक्षा मोठा आहे, यात शंका नाही. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची आहेत आणि थांबवल्यावर भूक परतते. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडवरच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला होता. शिवाय औषधाने भूक मेलेली असताना जे थोडे खाल्ले जाते त्यात प्रथिने पुरेशी असावी लागतात, त्यामुळे आहाराचा प्रश्न इंजेक्शन घेणाऱ्यालाही सुटत नाही.

कोणाला लावा म्हणावे?

हिंजवडीत खोली घेऊन राहणारा, स्वयंपाक न येणारा, रोज रात्री ॲपवरून बिर्याणी मागवणारा आणि कंबर 98 सेंटिमीटर झालेला तरुण. त्याला मी लाव म्हणेन, तीन महिने, त्याच काळात कुकर लावायला आणि उसळ करायला शिकण्याच्या अटीवर. बाळंतपणानंतर वर्षभराने कामावर रुजू झालेली, अंगावर पाजणे थांबवलेली आणि दिवसभरात स्वतःच्या जेवणाकडे बघायला उसंत नसलेली बाई हीदेखील त्याच यादीत येते. पन्नाशीतल्या, मधुमेह असलेल्या गृहस्थांनी आधी डॉक्टरांकडे औषधांची फेरआखणी करून घ्यावी आणि मग डब्याचा विचार करावा. आणि ज्यांनी यापूर्वी दोनदा डबा लावून दोनदा वजन परत चढवले आहे, त्यांनी तिसऱ्यांदा तेच पैसे आहारतज्ज्ञाच्या चार-सहा भेटींवर खर्चावेत आणि पहिल्या भेटीला घरात जो स्वयंपाक करतो त्यालाही बरोबर न्यावे.